काकूंची पाटी

बाजारात त्यांचं खरं नाव कुणाला विचाराल तर चारजण एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. पण 'टेस्टिंगवाले काका' म्हणा, की समोरचा हातातलं काम टाकून सांगेल, तो जिना चढा, पहिला मजला, दारावर घंटा नाही, दार उघडंच असतं. तीस वर्षं ते दार उघडंच आहे. आत एक लांबलचक टेबल, त्यावर दिवा, दोन कॉम्प्युटर, आणि चारी बाजूंनी वायरींचा असा गुंता, की नवखा माणूस पाय कुठे ठेवू म्हणून उंबऱ्यातच अडतो. मागच्या दारातून पलीकडे गेलं की काकांचं घर. दुकान आणि घर यांच्यामध्ये फक्त एक पडदा, तोही कायम एका बाजूला सारलेला.

आता त्यांचा धंदा काय, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. जुनी यंत्रं असतात ना, गोदामातला वजनकाटा, प्रयोगशाळेतलं रक्त तपासायचं यंत्र, बिलं छापणारा प्रिंटर, ती सगळी एका नऊ पिनांच्या पोर्टमधून बोलतात. सिरीयल पोर्ट म्हणतात त्याला. नव्या कॉम्प्युटरना हे पोर्टच नसतं, त्यांना यूएसबी पाहिजे. म्हणजे म्हातारा एक भाषा बोलतो आणि नातू दुसरी. मध्ये दुभाषा लागतो. हा दुभाषा म्हणजे यूएसबी-टू-सिरीयल कन्व्हर्टर, वीतभर वायर, एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला नऊ पिना. काका हे कन्व्हर्टर विकत आणि विकण्याआधी तपासत. तपासत म्हणजे एकूण एक तपासत. शंभराची पेटी आली की शंभर.

तपासायची पद्धत अगदी साधी. दोन नंबरची पिन आणि तीन नंबरची पिन एकमेकींना जोडायची. एक बोलायची, एक ऐकायची. जोडल्या की कॉम्प्युटरवरून जे टाइप कराल ते तसंच्या तसं परत येतं. आलं तर माल चांगला, नाही आलं तर टाका टोपलीत. यासाठी बाजारात तयार प्लग मिळतो, पण काका वापरत काकूंच्या केसांतली काळी पिन. टोकं खरवडून घेतलेली. आणि टाइप करत नेहमी एकच ओळ: चहा झाला का. एंटर मारला की खाली उमटायचं: चहा झाला का. की लगेच कन्व्हर्टरवर हिरवा गोल स्टिकर, 'तपासले'.

काकू पडद्याआडून ओरडायच्या, "अहो, दिवसभर स्वतःलाच काय विचारताय? एकदा मला विचारा की, मिळेल तरी!"

तेव्हा त्यांना आवाज होता. आणि काय खणखणीत आवाज! खालच्या मजल्यावरचा चष्मेवाला म्हणायचा, वहिनींनी वर भाजीत मीठ कमी पडलं म्हटलं की मी खाली डबा उघडून बघतो.

काकांचा एक हट्ट मात्र सगळ्या बाजाराला ठाऊक होता. न तपासलेल्या मालावर हिरवा स्टिकर लावायचा नाही. मरण आलं तरी नाही. एकदा एका घाऊकवाल्याने गळ घातली, "काका, शंभरातले दहा बघा आणि सगळ्यांना लावून टाका ना, कोण विचारतंय?" काकांनी त्याची पेटी जिन्यावरून स्वतः खाली नेऊन दिली आणि वर येऊन अर्धा तास धापा टाकत बसले. तोंडाने एक शब्द नाही. त्यांना भांडता यायचंच नाही. ते खातं काकूंकडे होतं. काकूंनी खिडकीतून त्या घाऊकवाल्याची जी हजेरी घेतली, ती ऐकायला रस्त्यावरची माणसं थांबली म्हणतात.

मग काकूंच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. बसला नाही, गेला. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. जिच्या आवाजावर अख्खा जिना चालायचा, ती बाई घरी आली आणि पलंगावर बसून नुसती बघत राहिली. काकांनी त्या आठवड्यात एकही कन्व्हर्टर तपासला नाही.

आठव्या दिवशी ते कुठूनसं एक जुनं यंत्र घेऊन आले. बोलता न येणाऱ्यांसाठी बनवलेलं, पुस्तकाएवढं, साध्या सेलवर महिनोन्महिने चालणारं, खाली इंग्रजी अक्षरांच्या कळा, वर दोन ओळींचा पडदा. टाइप करायचं आणि समोरच्याला दाखवायचं. काकूंनी पहिल्यांदा ते हातात घेतलं, बराच वेळ कळा शोधल्या, आणि इंग्रजी अक्षरांतून मराठीत लिहिलं: चहा झाला का. मग दोघंही एवढे हसले, एवढे हसले, आणि हसता हसता काकांना रडू फुटलं.

त्या यंत्राला त्या 'पाटी' म्हणायच्या. पाटी आली आणि बाई पुन्हा सुरू झाली. सकाळी उठल्यापासून टकटक टकटक. भाजीवाल्याशी घासाघीस पाटीवर, चष्मेवाल्याची थट्टा पाटीवर. आणि काका कामात असले की आधी दोन टाळ्या वाजवायच्या, मग पाटी थेट नाकासमोर. वाचल्याशिवाय सुटका नाही.

पाटीला मागे तेच ते नऊ पिनांचं पोर्ट होतं. काकांनी हौसेने त्याला एक छोटा जुना प्रिंटर जोडून दिला, म्हणजे काकूंनी बाजाराची यादी लिहावी, 'पाठव'ची कळ दाबावी आणि यादीचा कागद काकांच्या हातात पडावा. प्रिंटर पडला म्हातारा, पाटी बोलायची भरभर. अर्धी अक्षरं गाळायचा. तेव्हा काकांनी पाटीचं पाठवणं मुद्दाम हळू करून दिलं. दुसरी कटकट अशी, की आजच्या यादीबरोबर कालचीही छापून यायची. काकांनी तीन दिवस लागोपाठ साबण आणला. काकूंनी पाटीवर लिहिलं: अहो, आपण धोबीघाट काढतोय का? मग काकांनी तीही सोय केली. एकदा पाठवलं की पाटीने पुसून टाकायचं. पाठवायचं बाकी असेल तोवर पाटीच्या कोपऱ्यात एक बारीक हिरवा दिवा लुकलुकायचा, पाठवलं की विझायचा. पुढे प्रिंटर मोडला, भंगारात गेला, काकू दाखवून झालेलं स्वतःच पुसायला लागल्या, आणि हळू पाठवणं, पाठवून पुसणं या दोन्ही गोष्टी काकांच्या डोक्यातून पार गेल्या.

त्यांना एकच मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून 'दमडी', आणि आता चांगली कर्तीसवरती होऊन लांबच्या शहरात नोकरीला, तरी दमडीच. फोनवर मायलेकींचं बोलणं कसं चालायचं, तर दमडी बोलायची आणि काकू फोनवर नखाने टिचकी मारायच्या. एक टिचकी म्हणजे हो. दोन म्हणजे नाही. खूप साऱ्या म्हणजे चूप बस, मला कळतंय. तासतासभर चालायचं हे.

आणि मग एक दिवस भांडण झालं. भांडण कशाचं, तर दमडी सुट्टीला येणार होती ती येत नाही म्हणाली, एवढंच. काकूंनी टिचक्यांचा भडिमार केला. दमडी वैतागली आणि बोलून गेली, "आवाज गेला, पण भांडायची हौस काही जात नाही तुझी!"

काकूंनी फोन ठेवला. टिचकी नाही, काही नाही. नुसता ठेवला.

नंतर दमडीने फोन केला की काकू काकांकडे बोट दाखवायच्या, तुम्ही घ्या. काकांनी परोपरीने सांगून पाहिलं, "अगं, पोर आहे, तोंडातून गेलं." काकू पाटीकडे हातही न्यायच्या नाहीत. राग होता की दुखावल्या होत्या, कोण जाणे. दमडीही हट्टाला पेटली. आठ महिने असे गेले. दोघी एकाच मातीच्या, मधल्यामध्ये काकांचं भरीत.

आणि मग ती दुपार.

काका टेबलाशी होते. फोनवर प्रयोगशाळेतला माणूस, त्याचं यंत्र अडलेलं, तिकडे पेशंट खोळंबलेले. काका त्याला सांगत होते, "दोन आणि तीन जोडा. नाही नाही, तुमच्या डावीकडून मोजा." काकू पडद्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. टाळ्या वाजवल्या नाहीत. एका हातात पाटी धरलेली, पुढे केलेली, दुसऱ्या हाताने दाराची चौकट धरलेली. काकांनी वर न बघताच हात केला आणि म्हणाले, "थांब जरा, एवढं झालं की बघतो."

त्या थोडा वेळ थांबल्या. मग गेल्या.

प्रयोगशाळेचं काम झालं, वीस-पंचवीस मिनिटं लागली. काका खूश होऊन आत गेले. काकू पलंगावर कुशीवर होत्या. झोपली वाटतं, म्हणून त्यांनी अंगावर चादर ओढली, पंखा एकने कमी केला आणि पावलं न वाजवता बाहेर आले. आणि बसून अकरा कन्व्हर्टर तपासले. अकरा! अकरा वेळा 'चहा झाला का' टाइप केलं. बाराव्याला त्यांना खरंच चहा हवासा वाटला, म्हणून ते उठवायला गेले.

पाटी पलंगाखाली पडली होती. पडदा फुटून काळा झाला होता. कोपऱ्यातला हिरवा दिवा लुकलुकत होता.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. काकांनी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, झोपेत गेली, काही त्रास झाला नाही. लोक म्हणाले, भाग्यवान हो. काका मान हलवायचे. दमडी आली, दोन दिवस राहिली, भिंतीला टेकून बसून राहिली आणि गेली. काकांनी पाटी टेबलाच्या खणात ठेवली. खण उघडला की दिवा दिसायचा. म्हणून ते खण उघडायचेच नाहीत. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या यंत्रांतून शब्द बाहेर काढून दिले, त्याला हातभर अंतरावरचा खण उघडवेना. मी म्हणतो, कुणाला उघडवला असता?

चार महिन्यांनी दमडी रजा काढून आली. कात्री शोधताना तिनेच तो खण उघडला.

"बाबा, हा दिवा कसला?"

काकांनी सांगितलं. सगळं सांगितलं. चौकट, पाटी, 'थांब जरा'. दमडी ऐकत ऐकत खुर्चीत बसली.

"म्हणजे यात आईने शेवटचं लिहिलेलं आहे? अजून आहे?"

"पडदा गेलाय. पण आत आहे. मागच्या पोर्टातून निघेल."

"मग काढा ना, बाबा." तिचा आवाज चिरकला. "माझ्याबद्दल काही असेल तर? मी तिला जे बोलले ना... मला तेवढंच कळू दे हो. शिवी असली तरी चालेल. मला रात्रंदिवस तेच ऐकू येतं, मी बोललेलं."

काकांनी एक नवा कोरा कन्व्हर्टर काढला. पाटीला जोडायचा म्हणजे त्यात उणं नको. काळी पिन घेतली, दोन आणि तीन जोडल्या, टाइप केलं: चहा झाला का. खाली उमटलं: चहा झाला का. दमडी रडता रडता हसली. "अजून तेच?" काकांनी दोनदा, तीनदा, दहा वेळा तपासलं. हिरवा स्टिकर लावला. मग पिन काढली आणि पाटी जोडली.

दमडी उठून खिडकीशी गेली, पाठ करून उभी राहिली. "तुम्ही आधी वाचा. मग मला सांगा. मला बघवणार नाही."

काकांनी कॉम्प्युटरचा ऐकायचा वेग नेहमीचा ठेवला. शंभरातली पंच्याण्णव यंत्रं ज्या वेगाने बोलतात तो. बोटांना सवयच ती. आणि 'पाठव'ची कळ दाबली.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर आले चौकोन. चौकोन, टिंबं, पुन्हा चौकोन. एक ओळ कचरा. पाटीतला दिवा विझला.

त्याच क्षणी काकांना सगळं आठवलं, तो म्हातारा प्रिंटर, पाटीचं हळू केलेलं बोलणं, तो साबण, 'पाठवलं की पूस'. कुणी परक्याने नाही केलं. सगळं आपल्याच हाताने, तिच्या सोयीसाठी केलेलं. पाटी हळू बोलली, कॉम्प्युटरने घाईघाईत ऐकलं, आणि जे होतं ते पुसलं गेलं. गिऱ्हाइकाला ते रोज सांगत, कचरा आला तर घाबरू नका, वेग बदला आणि परत पाठवा. आता परत पाठवायला कोण होतं?

"आलं का?" दमडीने खिडकीतूनच विचारलं.

काकांनी पोरीच्या पाठीकडे बघितलं. खांदे असे वर ओढून धरलेले, लहानपणी इंजेक्शनच्या वेळी धरायची तसे.

"आलं," काका म्हणाले.

"काय आहे?"

तीस वर्षांत ज्या माणसाने न तपासलेल्या वायरीवर स्टिकर लावला नाही, तो माणूस म्हणाला, "लिहिलंय, अहो, दमडीला फोन लावा. राग कधीच गेला माझा. टिचक्या मारायला बोटं शिवशिवतायत."

कुठून आलं ते, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. पण आलं अगदी काकूंच्या तोंडचं. दमडी खिडकीतच खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडली, आठ आणि चार असे बारा महिन्यांचं साचलेलं सगळं. काकांनी तेवढ्यात कॉम्प्युटरवरची ती कचऱ्याची ओळ बंद केली. थोड्या वेळाने ती डोळे पुसत आली, "मला दाखवा ना." काका म्हणाले, "पाठवलं की पुसलं जातं गं. पाटीची सवयच तशी. दिसलं आणि गेलं." हे तेवढं खरं होतं. आणि तिने का विश्वास ठेवू नये? बाबा खोटं बोलतात, हे तिने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

त्या दुपारी ती आईच्या पलंगावर गाढ झोपली. दोन दिवसांनी गेली ती वेगळीच पोर होऊन गेली, जिन्यात चष्मेवाल्याशी थट्टा करत. आणि दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. इकडचं-तिकडचं झालं की म्हणायची, "बाबा, आईचं ते सांगा ना परत." काका सांगायचे. अक्षर न बदलता. ती तिकडे नुसती ऐकत राहायची.

काकांना काय वाटायचं? कधी वाटायचं, बरं केलं. कधी वाटायचं, तिच्या तोंडी आपण शब्द घातले, ती असती तर कानशिलात देती. टेबलावर बसलं की हात चालायचे, स्टिकर लागायचे, पण प्रत्येक स्टिकर लावताना ते आता थबकायचे.

असे दोनेक महिने गेले. एक दिवस दुपारी वजनकाट्याचा माणूस आला. "काका, तुमच्या वायरीतून नुसता कचरा येतोय हो!"

काकांनी नेहमीची पोथी लावली. "कचरा हा कचरा नसतो, बाबा. काट्याने जे सांगितलं ते सगळं त्यात असतं. नुसता बोलणारा हळू आहे आणि ऐकणारा घाईत, म्हणून..."

आणि बोलता बोलता थांबले. तो माणूस म्हणाला, "म्हणून काय?" काकांनी त्याला वेग बदलून दिला, हातात वायर कोंबली आणि जवळजवळ जिन्यापर्यंत ढकलतच नेलं. तीस वर्षांत पहिल्यांदा दार लावून घेतलं.

त्यांचा तपासणीचा प्रोग्राम जे येईल ते, प्रत्येक खुणेच्या आकड्यासकट, फाइलमध्ये टाकून ठेवत असे. ती ओळ होती. पुसली होती ती पाटीतून. कचरा तर जागच्या जागी होता!

काकांनी तोच कन्व्हर्टर घेतला, पाटी जोडली, वेग मुद्दाम चुकीचाच ठेवला. पाटीवर ए दाबला आणि पाठवला. कॉम्प्युटरवर कचरा आला. परत ए, परत तोच कचरा. दहा वेळा ए, दहा वेळा तोच. मग बी. मग सी. प्रत्येक अक्षराचा आपला आपला कचरा! काकांनी तपासणीची रोजची वही ओढली आणि सव्वीस अक्षरांचं कोष्टक मांडलं. काही अक्षरांचा कचरा सारखाच निघाला, यू, के आणि एम तिघांचा एक, एल आणि टीचा एक, जी, एस, वाय यांचा एक. पण काही एकटी उभी होती. रेघा सरळ आल्या.

मग त्यांनी काकूंची ओळ उघडली. सात अक्षरं भरली. सातच? पाटीवर पोथ्या लिहिणारी बाई ती.

पहिलं अक्षर डी. डीच, दुसरं काही होऊच शकत नव्हतं.

काका ताडकन उभे राहिले. दमडी! दमडीच लिहिलं होतं तिने! म्हणजे आपण खोटं नाही बोललो, देवा, आपण खोटं नाही बोललो! त्यांनी फोनसुद्धा उचलला. मग वाटलं, आधी पुरतं बघू, तपासल्याशिवाय नको. आणि पुन्हा बसले.

दुसरं अक्षर ए नव्हतं. यू, के किंवा एम.

फोन त्यांनी खाली ठेवला. तिसरं पुन्हा यू, के किंवा एम. चौथं एच, एकटा. पाचवं एल किंवा टी. सहावं ए. सातवं जी, एस किंवा वाय.

वहीत उभे-आडवे पर्याय मांडलेले होते. एक एक जुळवून बघायची वेळच आली नाही. वाचता येत होतं. काकांनी वही बंद केली. पुन्हा उघडली. शब्द तोच होता.

तरी त्यांनी तपासलं. सवय हो, काय करणार! पाटीवर एकेक कळ शोधून तो शब्द टाइप केला. हिरवा दिवा लुकलुकायला लागला. 'पाठव' दाबलं. आलेली ओळ आणि काकूंची ओळ, वर-खाली ठेवून, आकड्यावर बोट ठेवून जुळवली. एकही आकडा इकडचा तिकडे नव्हता.

दुखतंय.

एवढंच लिहिलं होतं तिने. 'अहो' नाही, थट्टा नाही, लेकीचं नाव नाही. एका हाताने चौकट धरून, दुसऱ्या हाताने पाटी पुढे करून ती उभी होती, आणि पाटीवर लिहिलं होतं, दुखतंय. आणि आपण वर न बघता म्हणालो, थांब जरा. आणि ती थांबली! जन्मात कधी कुणाचं ऐकून न थांबलेली बाई, नेमकी तेव्हाच थांबली. वीस पावलं खाली चष्मेवाल्याची गाडी होती. वीस मिनिटं होती. चादर घातली आपण तिच्यावर. पंखा कमी केला.

काकांना रडू आलं नाही. त्यांच्या छातीतून एक विचित्र आवाज निघाला, एवढा, की चष्मेवाला जिना चढून आला आणि बंद दार बघून चक्रावला. "काका? अहो काका, काय झालं?" काका आतून म्हणाले, "काही नाही. वायर तुटली." तो खाली गेला. काका टेबलावर डोकं टेकून बसून राहिले. समोर वहीत त्या दिवसाची ओळ होती, तारीख, वस्तू, निकाल. निकालाच्या घरात त्यांनी तीस वर्षं दोनच शब्द लिहिले होते, पास आणि नापास. पेन हातात धरून ते बराच वेळ बसले, आणि ते घर तसंच ठेवून वही मिटली.

झोपेत गेली, त्रास झाला नाही. किती जणांना सांगितलं होतं त्यांनी हे.

तीन दिवसांनी रविवार आला. सकाळी ठरल्या वेळी फोन वाजला. काका तो वाजताना बघत राहिले, मग उचलला.

दमडी खुशीत होती. नवीन घर बघितलं होतं, त्यात उजेड भरपूर होता, बाबांनी आता यायचंच, ऐकून घेणार नाही. काका हं हं करत राहिले. मग ती नेहमीसारखी म्हणाली, "बाबा, आईचं ते सांगा ना."

काका म्हणाले, "अहो, दमडीला फोन लावा. राग कधीच गेला माझा. टिचक्या मारायला बोटं शिवशिवतायत."

अक्षर बदललं नाही. तिकडे दमडीने मोठा श्वास सोडला.

"बाबा, एक विचारू? मी तुम्हाला कधी विचारलंच नाही."

"विचार."

"आईला शेवटी काही त्रास झाला होता का हो? दुखलं-खुपलं काही?"

काकांनी तोंड उघडलं. घशातून आवाज निघेना. पुन्हा प्रयत्न केला, नाहीच निघाला.

"बाबा? ऐकताय ना?"

काकांनी फोन तोंडापासून जरा लांब धरला आणि नखाने त्यावर दोन टिचक्या मारल्या.

तिकडे दमडी आधी चमकली, मग हसली, मग रडत रडत म्हणाली, "अगदी आईसारख्या मारल्यात हो, बाबा." आणि तिनेही तिकडून एक टिचकी मारली.